तीन तारे आणि सोनेरी पट्टी

अप्पा, आज सकाळी तुमची डबी उघडली आणि पहिला विचार मनात आला तो हा, की तुम्ही मला फसवलंत.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. सुनेने सासऱ्याबद्दल अशा वेळी असं बोलू नये, एवढं मला कळतं. पण तुम्हीच घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचात, "आमच्या मृणालला बाकी काही येवो न येवो, संशय वेळेवर येतो." तर तो आलाय. वेळेवर आलाय की नाही, ते मात्र मला ठाऊक नाही, कारण तुम्हाला विचारायची सोय आता राहिली नाही.

तीच तुमची तंबाखूची पत्र्याची डबी. झाकणावरचा हिरवा रंग अर्धा उडालेला, एका कोपऱ्याला पोचा. आत तेच मऊ फडकं, आणि फडक्यात जपानी सैनिकाच्या कॉलरवरचा कापडी बिल्ला. तुमचे वडील ब्रह्मदेशातल्या लढाईतून परत आले तेव्हा ही डबी त्यांच्या पेटीत होती. करंगळीच्या दोन पेरांएवढा लाल तुकडा, त्यावर तीन पिवळे तारे, बस. आपण दोघांनी त्या तुकड्यावरून इतकं भांडण केलंय की डोळे मिटूनही मला तो जसाच्या तसा दिसतो. त्यावर सोन्याचा लवलेश नव्हता.

आज त्या फडक्यातून निघालेल्या बिल्ल्याच्या कडांना सोनेरी पट्टी आहे. मधूनही एक सोनेरी पट्टी आहे आणि तीन तारे त्या पट्टीवर बसलेत. जपानी लष्करात याला कॅप्टन म्हणतात. म्हणजे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं की तुमचा कॅप्टन हा कॅप्टन नाही, आणि तुम्ही जाता जाता त्याला बढती देऊन गेलात.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक होता. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे मला पगारच मिळतो तो विश्वास न ठेवण्याचा. बाहेरून आलेला प्रत्येक सुटा भाग भिंगाखाली घालायचा, आणि पुरवठादार कितीही गोड बोलला तरी त्यात खोट कुठे आहे ते शोधायचं. हे काम मी घरीसुद्धा करते असं तुमचा लेक नितीन म्हणतो. तुम्ही आलात तेव्हा त्याला वाटलं असणार की आता घरात एक साधा, भोळा माणूस आला. आई गेल्यावर तुम्हाला पुण्यात एकटं ठेवायचं नाही म्हणून त्याने आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, खेटे घालून घालून तुम्हाला इकडे आणलं. आणि तुम्ही तर माझ्यावर ताण निघालात.

डिशवॉशर भांडी खरंच धुतो की नुसती भिजवतो, म्हणून तुम्ही एका ताटाला आतून पिठाचा ठिपका लावून ठेवला होतात. खालच्या मजल्यावरच्या बाई आपली कचऱ्याची पेटी उघडून बघतात असा तुमचा दाट वहीम होता. तुम्ही पडद्याआड खुर्ची टाकून बसलात, आणि बघतात हे सिद्धही केलंत! त्या दिवशी आपण दोघांनी चहा जिंकल्यासारखा प्यायलेला मला आठवतो. या घरात माझ्या संशयाला संशय न म्हणता काळजी म्हणणारे तुम्ही पहिलेच.

आणि ते स्वस्तिक. आल्या आल्या तुम्ही दारावर कुंकवाने काढायला निघालात, आणि ईरा धावत आली, "नाइन, आजोबा, नाइन! दास गेट निश्ट!" पंधरा वर्षांची तुमची नात, मराठी सगळं समजतं पण तोंडातून जर्मनच बाहेर येतं. दारावर ते का चालत नाही, हे तिने तुम्हाला तिच्या पद्धतीने समजावलं, मी मराठीत करून सांगितलं. तुम्ही हातातलं कुंकू परत करंड्यात झटकलंत. मला वाटलं आता चिडणार. दुसऱ्या दिवशी मसाल्याचं कपाट उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला तुमचं स्वस्तिक, चारही ठिपक्यांसकट. "बाहेर लावायची चोरी असेल तर आतून लावावं," तुम्ही म्हणालात, "देवाला काय, दार उघडलं की दिसतं." ते अजून तिथेच आहे. जिऱ्याची बाटली काढताना रोज दिसतं.

तर तो बिल्ला. तुम्ही आयुष्यभर पुण्याच्या कॅम्पात अधिकाऱ्यांचे गणवेश शिवलेत. किती जणांच्या खांद्यांवर तुमच्या हातून तारे चढले असतील. एक तारा, दोन तारे, तीन तारे. तीन तारे म्हणजे कॅप्टन, हे तुमच्या बोटांनाच पाठ होतं. त्यामुळे वडिलांच्या डबीतल्या लाल तुकड्यावर तीन तारे दिसल्यावर तुम्हाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा मी ती गोष्ट ऐकली होती: तुमच्या वडिलांनी जंगलात एकट्याने जपानी कॅप्टनला गाठलं. गावाकडे तर त्यात तलवारही आली होती. बापूदादांच्या, म्हणजे नितीनच्या चुलतभावाच्या तोंडी ऐकलं तर घोडाही यायचा.

माझ्या मनात शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती, पण लग्न माझं होतं म्हणून गप्प बसले.

मग तुम्ही डबी घेऊन इकडे आलात, आणि एका रविवारी मी ती भिंगाखाली घातली. आधी मी नुसतं खरं-खोटं बघत होते. कापड जुनं, हाताने शिवलेलं, मागे घामाने काळवंडलेलं. बिल्ला अस्सल होता, शंभर टक्के. मग मी जपानी हुद्द्यांची चित्रं शोधली, आणि पाणी कुठे मुरत होतं ते सापडलं. त्यांच्याकडे तारे मोजून हुद्दा कळत नाही. तीन तारे साध्या शिपायालाही असतात आणि जनरललाही. तारे कशावर बसलेत ते बघायचं. नुसत्या लाल कापडावर असतील तर शिपाई, फार तर वरच्या इयत्तेतला. मधून एक सोनेरी पट्टी गेली की आपल्या हवालदारासारखा. त्या पट्टीबरोबर कडाही सोनेरी झाल्या की कॅप्टन. मधल्या पट्ट्या दोन झाल्या की कर्नल, आणि सगळाच तुकडा सोन्याचा झाला की जनरल.

"अप्पा," मी म्हणाले, "हा कॅप्टन नाही. शिपाई आहे."

तुम्ही चष्मा वर केलात. "तीन तारे दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात. पण पट्टी नाही."

"मी उभा जन्म तीन तारे कॅप्टनच्या खांद्यावर लावले."

"आपल्याकडे, अप्पा. त्यांच्याकडे खालचं कापड बघायचं असतं."

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. उद्या मलाही भिंगाखाली घालशील."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले, आणि तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नितीन मध्ये पडला, "अगं, राहू दे ना, काय फरक पडतो?" त्याला असं नेहमीच वाटतं. पण फरक पडतो हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून तर तुम्ही निवडायला घेतलेली भाजी तशीच टाकून उठलात.

मला त्याचा पस्तावा नाही, अप्पा, आजही नाही. जे होतं ते मी सांगितलं, आणि खोटं बोलून तुमचा मान ठेवला असता तर तो मान कसला? पण त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी त्या विषयावर बोलणं टाकलंत, आणि तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. माझ्यावर विश्वास बसला नाही म्हणून तुम्ही गप्प आहात, की बसला म्हणून? मी तुमच्याकडून तुमचे वडील हिरावून घेतले असं वाटतं का तुम्हाला? हे मला विचारायचं होतं. हॉस्पिटलात तुमच्याजवळ बसले होते तेव्हाही हेच विचारायचं होतं.

विचारलं नाही. त्याऐवजी मी तुमच्यावर पाळत ठेवली.

कारण तुमचं वागणं सरळ नव्हतं. दर शनिवारी तुम्ही ईराला घेऊन श्टुटगार्टच्या फ्लोमार्क्टमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात जायला लागलात. तिथे जुनी बटणं, बक्कलं, बिल्ले विकणारा एक मिशाळ म्हातारा बसतो. तुम्ही त्याला बटणवाला म्हणायचात. त्याच्या टेबलावर जुन्या जर्मन गणवेशांवरच्या नाझी स्वस्तिकांवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात, कायद्यानेच. "बघ, यालाही आतून लावावं लागतं," असं तुम्ही परत आल्यावर मला सांगितलंत, हुद्द्यांच्या भांडणानंतर हसून बोललेलं ते पहिलं वाक्य. तुम्हाला जर्मन येत नव्हतं, त्याला मराठी. तरी तुम्ही दोघं तासन् तास बटणांवर बोलायचात म्हणे. ईराला विचारलं काय बोलतात, तर खांदे उडवून, आईला इथे म्हणतात तसं मामा म्हणत, म्हणाली, "वाइस इश निश्ट, मामा." तिला माहीत नाही! दुभाषी तीच, आणि तिलाच माहीत नाही. मला कळून चुकलं की ती तुम्हाला सामील आहे.

मी खोलीत आले की तुम्ही हातातलं काहीतरी उशीखाली सारायचात. मी मनाशी ठरवून टाकलं की बटणवाला तुमच्या तोंडाला पानं पुसतोय. जुनी अस्सल वस्तू बघून त्याने तुम्हाला काहीतरी चकचकीत दाखवलं असणार आणि तुम्ही भुललात. एकदा तुम्ही दुपारी झोपल्यावर मी डबी उघडून बघायला गेले. तर तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "भिंग आणलंयस का?"

त्याच सुमारास माझ्या कोटाची कॉलर उसवली. तो राखाडी लोकरी कोट. नितीनला तो मुळीच आवडत नाही. मी नवा घेणार होते. तुम्ही हातातून काढून घेतलात. दोन दिवस खिडकीशी बसून, बोटात अंगुस्तान घालून तुम्ही त्या एका कॉलरशी झटत होतात, आणि मी संशयाने बघत होते, की एवढंसं उसवलेलं शिवायला दोन दिवस कशाला हवेत.

तेव्हाच तुम्ही ते बोललात. मान वर न करता. "वडील कॅप्टन म्हणाले नव्हते कधी. वडील काहीच म्हणाले नव्हते. डबी उघडायचे, बघायचे, बंद करायचे. कॅप्टन मी म्हणालो. शाळेत, वर्गातल्या पोरांना. मग घरी कुणी खोडलं नाही, म्हणून तोच खरा झाला."

खरं सांगायचं तर मला वाटलं ही नवी चाल आहे.

मग तुम्ही दाताने दोरा तोडलात. "पण शिपाई असेल तर माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. कॅप्टनचा बिल्ला आणला तर समजू शकतो, मिरवायला आणला. शिपायाचा बिल्ला माणूस का आणेल? आणि आणून जन्मभर जपेल कशाला? मिरवला तर नाहीच त्यांनी."

माझ्या डोक्यात जे आलं ते वाईटच होतं. तो शिपाई कसा मेला असेल, मरताना समोर कोण असेल, तो बिल्ला काढायला किती जवळ जावं लागलं असेल, मागचा तो काळवंडलेला डाग खरंच घामाचा असेल का. तुमच्या वडिलांवरही मी संशय घेतला, अप्पा. त्यांना मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत, आणि तुमच्याही मनात तेच येऊन गेलं असणार, कारण तुम्ही कोट माझ्या अंगावर टाकलात आणि विषय बदललात.

"घालून बघ."

घातला. "अप्पा, कॉलर ताठ केलीत हो. टोचते मानेला."

"बकरम घातलंय."

"इथे बकरम कुठे मिळालं तुम्हाला?"

"जुन्या शर्टाच्या कॉलरीतलं काढलं. किती प्रश्न विचारतेस! टोचू दे. मान ताठ राहील."

तो आख्खा हिवाळा मी तो कोट घातला. तुम्हाला हॉस्पिटलात नेलं तेव्हाही तोच घातला होता. शेवटच्या दिवशी तुम्ही ऑक्सिजनची नळी बाजूला करून मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "डबी नितीनच्या हातात देऊ नकोस. तू उघड. आणि भिंग घेऊन उघड." आणि हसलात. त्या हसण्याचा मला राग आला, अप्पा. मरणाच्या दारात माणूस टोमणा मारतो का? मी नुसती बरं म्हणाले. तुमचा हात धरायला हवा होता असं सगळे म्हणतात. मी धरला होता, पण रागातच धरला होता.

नितीन तुमच्या अस्थी घेऊन पुण्याला गेला. ईराची परीक्षा म्हणून आम्ही दोघी इथे. काल त्याचा फोन आला.

"अगं, बापूदादा विचारतोय, कॅप्टनचा बिल्ला कुठाय? गावच्या शाळेत काचेच्या कपाटात ठेवायचाय. पाटीसुद्धा करून घेतलीय त्याने."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"कॅप्टनच लिहिलंय, आणि काय लिहिणार? आल्झो, तर मग, तिथले आपले कुलकर्णी इकडे येतायत ना पुढच्या आठवड्यात, त्यांच्याबरोबर डबी दे पाठवून. आणि प्लीज, भिंग लावत बसू नकोस."

आज सकाळी मी भिंग लावूनच डबी उघडली. आत सोनेरी पट्टीवाला कॅप्टन. मशीनची शिलाई, नायलॉनचा चकचकीत दोरा, तारे साच्यातून काढलेले. ऐंशी वर्षं राहू दे, या मालाला नऊ महिनेसुद्धा झालेले नसतील. मी तो टेबलावर ठेवला. बटणवाल्याने तुम्हाला गंडवून अस्सल बिल्ला लाटला असता तर मला त्याचं काही वाटलं नसतं, त्याला मी बघून घेतलं असतं. पण तुम्ही स्वतःच हे केलं असेल तर? मला हरवायला तुम्ही वडिलांची वस्तू देऊन टाकली असेल तर? मग माझं ते खरं बोलणं मला फार महागात पडलं, आणि तुम्हालाही.

ईराला समोर बसवलं. या वेळी तिने खांदे उडवले नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी बटणवाल्याकडून हे घेतलं, ती तिथे होती, एवढं तिने जर्मनमध्ये सांगितलं. मोठ्याने हसत होते म्हणाली. जुन्याचं काय झालं ते तिला खरंच माहीत नव्हतं. आज शनिवार. मी कोट घातला, डबी पिशवीत टाकली आणि तिला घेऊन निघाले.

बटणवाल्याने मला ओळखलं. तुम्ही काय वर्णन करून ठेवलं होतंत कोण जाणे. "आ, दी श्वीगरटोख्टर!" म्हणाला. सूनबाई आल्या. तुम्ही गेलात हे ईराने त्याला सांगितल्यावर त्याने टोपी काढली आणि बराच वेळ डोक्यावर परत घातली नाही. मी मात्र पाघळले नाही. बिल्ला त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले की हा नकली आहे.

"या, नातुरलिश," तो म्हणाला. हो, नकलीच आहे. नाटकाच्या कपड्यांवर लावतात त्यातला.

"माझ्या सासऱ्यांना हे माहीत होतं?"

माहीत होतं? त्यांनी मुद्दाम नकली मागितला, तो म्हणाला. त्याच्याकडे खऱ्या कॅप्टनचाही एक होता, तो त्याने दाखवला. पण तो तुम्हाला नको होता. कुणा माणसाच्या अंगावरचा खरा बिल्ला खोट्या कामाला लावायचा नाही, असं तुम्ही म्हणालात म्हणे, आणि गावाकडच्या लोकांना कॅप्टन हवाय, शिपायाकडे कोण बघणार, असंही. ईरा मान हलवत होती. एवढं तिनेच भाषांतर केलं होतं.

माझा अजून विश्वास नव्हता. "आणि जुना? तो तुम्ही ठेवून घेतलात?"

त्याला मी चोर म्हणतेय हे त्याला कळलं, पण तो चिडला नाही. साधा शिपाई, त्याला कोण विचारतं, तो म्हणाला. तुम्ही तो फक्त दाखवायला आणला होतात आणि फडक्यात गुंडाळून परत घेऊन गेलात. फक्त एक गोष्ट तुम्ही विचारलीत, पुन्हा पुन्हा, शिंप्यासारखी. हा कॉलरवर नेमका कुठे शिवतात, कडेपासून किती आत, आणि किती तिरका.

"हिअर," तो म्हणाला, आणि दाखवायला त्याने हात पुढे करून माझ्या कोटाची कॉलर चिमटीत धरली. "आम क्रागेन."

आणि तो थांबला. त्याने बोटांनी चाचपून पाहिलं. आयुष्य बिल्ले हाताळण्यात गेलेला माणूस. त्याने कॉलर सोडली आणि ईराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत टोपी काढली.

घरी येईपर्यंत मी थांबू शकले नाही. स्टाटबानच्या, इथल्या ट्रामच्या, स्टॉपवरच्या बाकावर बसले, कोट मांडीवर घेतला आणि नेलकटरच्या टोकाने कॉलरचं अस्तर उसवायला लागले. तुमचा टाका किती बारीक, अप्पा. भिंगाशिवाय सापडेना. "मामा, नको उसवू!" ईरा म्हणाली. मराठीत. हा शब्द मी तिला शिकवलेला नाही.

चारच टाके उसवले. आत लाल कापड दिसलं. एक तारा, मग दुसरा, मग तिसरा. बकरम वगैरे काही नव्हतं. ज्या जागी त्या पोराच्या मानेला तो लागत असेल, कडेपासून तेवढाच आत, तेवढाच तिरका, फक्त उलट्या बाजूने, तुम्ही तो माझ्या मानेशी शिवून ठेवला होतात. हॉस्पिटलात तुमच्या शेजारी रागाने बसले होते तेव्हाही तो माझ्या अंगावर होता. ते हसणं टोमण्याचं नव्हतं. माझ्या कॉलरीकडे बघून तुम्ही हसत होतात.

आणि तरीही, तुम्हाला माहीतच असणार, मी भिंग काढलं. भर स्टॉपवर, लोक बघत असताना, डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत मी बघितलं. हाताची शिलाई. जुनं कापड. मागे तोच काळवंडलेला डाग. कुठेही सोनं नाही. तुमचा माझ्यावर विश्वास बसला होता, अप्पा. कधीपासून बसला होता कोण जाणे, पण सांगितलं नाहीत, कारण सांगितलं असतंत तर मी त्यावरही संशय घेतला असता. तुम्ही मला ओळखून होतात. मी मात्र तुम्हाला पुरतं ओळखलं नाही.

परत येताना डबी कुलकर्ण्यांकडे दिली. नकली कॅप्टन आत घालून, फडक्यात नीट गुंडाळून. नोकरीला लागल्यापासून खोटा माल डोळ्यांदेखत पास करायची ही माझी पहिलीच वेळ. बापूदादांच्या काचेच्या कपाटात तो शोभून दिसेल. घोडाही ठेवा म्हणावं शेजारी. तिथे भिंग घेऊन कुणी जाणार नाही, आणि गेलंच, तर तेही आपल्यातलंच माणूस असेल.

शिपायाचा बिल्ला माणूस का जपतो, त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. तुमच्या वडिलांनी का जपला, ते मला अजूनही माहीत नाही, आणि त्या जंगलात काय झालं असेल याचा माझा संशयही गेलेला नाही. त्या पोराचं नाव आपल्याला कधी कळायचं नाही. पण तो बिल्ला आता मलाही कुणाला द्यावासा वाटत नाही, दाखवावासाही वाटत नाही. वडिलांचंही असंच काहीतरी झालं असेल का, अप्पा? हे तुम्हाला विचारायचं राहिलं.

रात्री नितीन फोनवर म्हणाला, तो कोट आता देऊन टाक, किती जुना झालाय. देणार नाही म्हटलं. उसवलेले चार टाके परत घालायला मला येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देणार नाही. तिथे सेफ्टी पिन लावलीय. मानेला टोचते. टोचू दे.